शंखबंदरचं पाणी

"पाणी बघितलंत काय?"

हा त्यांचा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, कसे आहात नाही. ऑफिसच्या दाराबाहेर चपला काढायच्या, आत आम्ही सगळे बूट घालून बसलेले असलो तरी. मग खिशातून लाल नायलॉनची दोरी बांधलेली पेन ड्राइव्ह काढायची, शर्टाच्या टोकाला पुसायची, माझ्या टेबलावर ठेवायची आणि विचारायचं. मी ती पेन ड्राइव्ह एका बोटाने लांब सरकवायचो आणि म्हणायचो, "बसा. कोणी पाठवलं तुम्हाला?"

पहिल्या खेपेला हसले होते. "पाठवतंय कोण? मीच आलो. सीडीच्या डब्यावर पत्ता हाय की तुमचा."

पत्ता होता खरा. पनवेलला खांदा कॉलनीत एका दातांच्या डॉक्टरांच्या वर आमची कंपनी होती. दहा-बारा माणसं, दोन एसी, त्यातला एक चालू. आम्ही कॉम्प्युटरवरचा खेळ बनवला होता. तो काळ दोन हजार नऊ-दहाचा. खेळ असा, की तुम्ही एक माणूस व्हायचं, व्यापारी म्हणा, खलाशी म्हणा, आणि जुन्या कोकणातल्या एका राज्यात हिंडायचं, लोकांशी बोलायचं, भांडायचं, कामं घ्यायची. त्यात शंखबंदर नावाचं एक बंदर होतं. आमची मीनल, जिने ते काढलं, ती पुण्याची. तपासलं मी, मी डोंबिवलीचा. आता तुम्हीच ओळखा त्या बंदराचं काय झालं असेल.

"साहेब, तुमच्या बंदरात पाणी हलत नाय," ते म्हणाले. "सकाळी तितकंच, दुपारी तितकंच. बोटी बघा, काठाला आखूड दोरीने बांधल्यात. ओहोटी लागली तर लटकतील ना वाळत घातलेल्या लेंग्यासारख्या. आणि बोंबील वाळत टाकलेत कुठं? जिथं दिवसातून दोनदा पाणी येतं तिथं! बायका शिव्या घालतील तुमाला."

मीनल हसली. मी हसलो नाही. मी विचारलं, "मग?"

"मग काय, दुरुस्त केलं," ते म्हणाले आणि पेन ड्राइव्ह पुन्हा माझ्याकडे सरकवली.

आमच्या खेळातलं पाणी या माणसाने घरी बसून दुरुस्त केलं? कसं? तर खेळाच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइल्स होत्या, कुणालाही उघडता येतील अशा. घाईत त्या तशाच राहून गेल्या होत्या. आणि त्या बंद आहेत की नाहीत हे बघायचं काम कुणाचं? माझं.

"दार तर उघडंच होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, आमच्यासाठीच ठेवलंय."

माझ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस असा का वागला. आधीच्या नोकरीत आमच्या टीममधल्या एकाने कंपनीचं सगळं काम चोरून दुसरीकडे नेलं होतं. तो माझ्या शेजारी बसायचा, माझ्या डब्यातली भाजी खायचा. चौकशीत तीन महिने मलाच उलटसुलट विचारत होते. तेव्हापासून कुणी माझ्याशी गोड बोललं, की मी आधी माझा खण बंद करायचो. इथे तर माझं कामच ते होतं, खेळ गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी तपासायचा आणि त्याला कुलूप घालायचं. ऑफिसात मला मागून 'चौकीदार' म्हणत. मला माहीत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानही होता.

तर हे गृहस्थ उरणजवळच्या करंज्याचे, पन्नाशीतले, कोळी. पण मासेमारी करत नव्हते. धक्क्याजवळ त्यांचं दुकान होतं, बोटींवरचे वायरलेस, जीपीएस, मासे दाखवणारी यंत्रं दुरुस्त करायचे. खिशाला कायम टेस्टर. चष्म्याला जाळ्याचा दोरा बांधून तो गळ्यात अडकवलेला. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा दुकानात चिटपाखरू नसतं. त्या दोन महिन्यांत ते आमचा खेळ खेळायचे. इंग्रजी शिकले यंत्रांबरोबर येणाऱ्या पुस्तिकांतून, त्यामुळे त्यांच्या इंग्रजीत 'सावधान' आणि 'तज्ज्ञाला बोलवा' ही वाक्यं एकदम शुद्ध होती, बाकी सगळी गंमत होती.

दुसऱ्यांदा आले तेव्हा वर्तमानपत्रात बांधून सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणले. पुडी टेबलावर ठेवली आणि एसीच्या हवेत दरवळ सुटला. पलीकडचे दोघं नाकाला रुमाल लावून उठले.

"हे कशाला?" मी विचारलं.

"कशाला म्हणजे? खायला."

"कंपनीच्या नियमात बसत नाही," मी म्हणालो. असा कुठलाच नियम नव्हता. मला वाटलं, हा माणूस आधी सोडे देतोय, मग काय मागेल कोण जाणे. ती पुडी मीनलने नेली. दुसऱ्या दिवशी डब्यात सोड्यांचा भात आणून तिने सगळ्यांना वाटला. मी खाल्ला नाही. वास मात्र दिवसभर घेतला.

ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर मी वेगळा ठेवला होता. त्याला इंटरनेट नाही, दुसऱ्या कशाशी जोडणी नाही. संशयित माल त्यावर उघडायचा. त्यांच्या फाइल्स मी त्याच्यावर टाकल्या आणि पाळत ठेवली. पहिल्याच आठवड्यात चोर सापडला! एक छोटी फाइल रोज आपोआप जागी व्हायची, काहीतरी आकडे लिहायची आणि गप्प बसायची. आणि वेळ? मी वहीत तक्ताच केला. सोमवारी दीड वाजता. मंगळवारी सव्वादोन. बुधवारी तीन. गुरुवारी पावणेचार. रोज बरोबर पाऊण तास उशिरा.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता? मी समजलो, की ही कुणाला तरी माहिती पाठवायची तयारी आहे. एकाच वेळी रोज जागी झाली तर पकडली जाईल, म्हणून रोज वेळ सरकवतेय. केवढं डोकं! आणि वरून चपला बाहेर काढतो म्हणे. मी तक्ता घेऊन आमच्या साहेबांकडे गेलो. साहेब म्हणजे कंपनीचे मालक, माझ्याहून चार वर्षांनी लहान, भला माणूस, पण घाबरट. ते म्हणाले, "बोलवा त्यांना."

शुक्रवारी बोलावलं. मीटिंगच्या खोलीत साहेब, मीनल, मी आणि समोर ते. मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला आणि पोलिसी आवाजात विचारलं, "हे पाऊण काय आहे?"

त्यांनी चष्मा लावला, तक्ता वाचला. मग माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की मला कसंतरीच झालं.

"अरे वा! तुमी पाणी बघितलंत की!"

"मी विचारतोय पाऊण काय आहे?"

"तिथीचं पाऊण, साहेब. आज तिथी कोणती?"

आमच्या तिघांपैकी एकालाही माहीत नव्हती. मीनल उठली, चहाच्या जागेवर टांगलेलं कॅलेंडर बघून आली. "षष्ठी."

"सहाचं पाऊण किती?"

"साडेचार," साहेब म्हणाले. पाढे पक्के होते त्यांचे.

"आज साडेचारला भरती पुरी होणार. काल पंचमी, पावणेचार. परवा चतुर्थी, तीन. तुमीच लिहिलंय की इथं." त्यांनी माझ्या वहीवर बोट ठेवलं. "अमावास्येनंतर मोजायचं, पुनवेनंतर परत एकापासून. आमच्याकडे पोरं शाळेत जायच्या आधी हे शिकतात. मी तेच तुमच्या खेळात टाकलंय. बाहेर पाणी चढलं की शंखबंदरात पण चढतं. बोटी वर येतात, बायका बोंबील उचलतात, चिखलातली पोरं काठावर पळतात."

मीनलने टाळी वाजवली. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं, जणू खांदा कॉलनीतच भरती येणार होती. आणि मी? मी मनात म्हटलं, उत्तर जरा जास्तच चोख आहे. तयारी करून आलाय.

संशय हा असाच असतो बघा. पुरावा खोटा निघाला, की तो म्हणतो, खरा पुरावा कुठेतरी लपवलेला दिसतोय.

पुढच्या दोन पावसाळ्यांत त्यांनी शंखबंदर भरून टाकलं. खडकांना नावं दिली. कुठे कुठलं जाळं लावतात, कुठल्या खडकावर पूर्वी दिवा असायचा, लिलावाला बायका कुठल्या पायरीवर उभ्या राहतात, सगळं. ते बदल ते इंटरनेटवरच्या आमच्या फोरमवर ठेवायचे आणि खेळणारे लोक ते उतरवून आपल्या खेळात घालायचे. आमच्या लक्षात आलं, की लोक आम्ही लिहिलेली राजाची कामं सोडून शंखबंदरात नुसते बसतात. कुणी लिहायचा, "आज ऑफिसात बसून भरती बघितली." दुसऱ्या कुणीतरी त्याच बंदरात एक खानावळ टाकली. तिसऱ्याने तिथल्या लोकांना मालवणीत बोलायला लावलं, त्यावर मोठं भांडण झालं. आम्ही खेळ विकून मोकळे झालो होतो आणि खेळ आता कुठे सुरू होत होता.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "यातून तुम्हाला काय मिळतं?"

त्यांनी चष्म्याचा दोरा बोटाला गुंडाळला. "साहेब, आमच्याकडे भराव पडतोय. मी ज्या खडकावर कालवं काढायला शिकलो ना, तो आता मातीखाली हाय. वर डांबर. माझ्या पुतण्याला सांगितलं तर म्हणतो, काका, इथं खडक कुठं होता? नकाशात नाय, फोटोत नाय." मग म्हणाले, "तुमच्या खेळात जागा होती मोकळी. म्हटलं, तिथं ठेवू."

मला तेव्हा गलबलून यायला हवं होतं. मी वहीत लिहिलं, 'हेतू: अस्पष्ट'.

मग नवी आवृत्ती काढायचं ठरलं. साहेबांना कुणीतरी पैसेवाले भेटणार होते. प्रश्न एकच होता, फाइल्स उघड्या ठेवायच्या की कुलूप लावायचं? मी अर्थातच कुलुपाच्या बाजूने. मीनल उलट. ही बातमी त्यांच्या कानावर गेली आणि ते करंज्याहून दोन गाड्या बदलून आले. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच पाण्याचं विचारलं नाही. उभ्याउभ्याच बोलले.

"साहेब, सुतार बोट बांधतो. मालक ती घेतो. मग दर वर्षी नारळी पुनवेच्या आधी मालक तिला रंग देतो, नाव घालतो, पताका लावतो, आत चूल कुठं, बर्फ कुठं, ते आपलं आपण ठरवतो. त्याने सुतार लहान होतो काय? उलट लोक विचारतात, ही कुणी बांधली हो? आणि कुठला सुतार असा हाय, जो म्हणेल, तू रंग बदललास, मी येऊन बुडाला भोक पाडतो?"

मी म्हणालो, "बोट आणि सॉफ्टवेअरमध्ये फरक असतो."

"हाय ना," ते म्हणाले. "बोटीला पाणी लागतं."

जाताना पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवली. "यात सगळं हाय, अगदी शेवटचं. यात तुमी पण हाय. वेळ मिळाला तर बघा."

मी पण? माझ्याविषयी काय भरलंय यात? माझा आवाज रेकॉर्ड केलाय की काय? मी ती उघडलीच नाही. पाकिटात घातली, दोरीचं टोक बाहेरच लोंबत राहिलं, पाकिटावर लाल शाईने 'पुरावा' लिहिलं आणि खणात टाकली.

त्याच महिन्यात मी एका कामासाठी उरणला गेलो होतो. तिथे मोबाइलच्या दुकानात एक सीडी दिसली. वर पेनाने लिहिलेलं, 'शंखबंदर, पाण्यासह'. अक्षर त्यांचंच. झालं! आमचा खेळ स्वतःच्या नावाने वाटतोय हा माणूस. एवढी वर्षं मी म्हणतोय, कुणी ऐकतं का? दुकानदाराला विचारावं, सीडी उघडून बघावी, त्यांना फोन करावा, यातलं मी काहीही केलं नाही. सरळ साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "मग लावा कुलूप."

मी कुलूप लावलं, आणि नुसतं कुलूप नाही. नव्या आवृत्तीत मी एक ओळ घातली, की फोल्डरमध्ये बदललेली फाइल दिसली, तर ती पुसायची आणि आमची मूळ फाइल जागेवर ठेवायची. ज्याच्या ज्याच्या कॉम्प्युटरला इंटरनेट होतं, त्याच्याकडे ती आवृत्ती आपोआप पोहोचली. खानावळ गेली, मालवणी गेली, खडकांची नावं गेली. शंखबंदरात पाणी पुन्हा सकाळी तितकंच, दुपारी तितकंच. फोरमवरच्या जुन्या फाइल्सही मीच काढून टाकल्या.

तिसऱ्या दिवशी ते आले. चपला बाहेर. चेहरा उतरलेला, पण आवाज चढलेला नाही.

"साहेब, रागावलात काय माझ्यावर?"

मी म्हणालो, "कंपनीचं धोरण आहे."

"माझ्या दुकानातल्या मशीनवरचं सगळं गेलं. तीन पावसाळे बसलो होतो. चुकलं माझं, दुसरी प्रत ठेवायला हवी होती." मग हळूच म्हणाले, "ती पेन ड्राइव्ह तुमच्याकडं राहिली होती. ती दिलीत तर बरं होईल."

पाकीट माझ्या उजव्या हाताला खणात होतं. खण अर्धवट उघडा होता.

"पुसून टाकली," मी म्हणालो.

का म्हणालो? आजवर शंभर वेळा स्वतःला विचारलंय. सीडीचा राग होता, पुरावा हातचा जाईल ही भीती होती, आणि खरं सांगायचं तर माझंच बरोबर आहे हे सोडवत नव्हतं. त्यांनी एकदा खाली पाहिलं. मग मान हलवली. "बरं," म्हणाले. चपला घालायला खाली वाकले तेव्हा चष्मा दोऱ्यावर लोंबत होता. पुन्हा ते कधी आले नाहीत.

त्या सीडीचं काय ते महिन्याभराने मीनलने सांगितलं. तिने एक मिळवून उघडली होती. त्यात आमचा खेळ नव्हताच. फक्त फोरमवरून त्यांच्या फाइल्स उतरवून खेळात बसवणारी एक छोटी फाइल होती आणि वर एक सूचना, 'आधी कंपनीचा खेळ विकत घ्या. त्याशिवाय पाणी चालणार नाही.'

कंपनी पुढे दीडेक वर्ष चालली. नवी आवृत्ती कुणी फारशी खेळलीच नाही. फोरमवर आधी शिव्या आल्या. मी म्हटलं, येऊ देत. मग शिव्याही थांबल्या, तेव्हा मात्र भीती वाटली. साहेब शेवटच्या दिवशी म्हणाले, "लोक खेळ सोडून गेले नाहीत हो. आपणच त्यांना त्यांच्या घरातून बाहेर काढलं." मी खण रिकामा केला आणि सगळं एका खोक्यात भरून घरी आणलं.

ते खोकं तसंच माळ्यावर पडून होतं. काही वर्षांनी घराचं रंगकाम काढलं तेव्हा खाली आलं आणि पाकीट हाताला लागलं. 'पुरावा'. माझं अक्षर. माझ्याजवळ खेळाची जुनी सीडी होती. ती घरच्या कॉम्प्युटरवर घातली आणि त्यावर पेन ड्राइव्हमधल्या फाइल्स टाकल्या.

शंखबंदरच्या वाटेवर एक नवी चौकी होती. लाकडी, लांब खांबांवर उभी, वर चढायला शिडी. आत चष्मा लावलेला एक चौकीदार, समोर वही, बाजूला चहाचा कप. मी जवळ गेलो तर त्याने विचारलं, "कुठून आलात? कोणी पाठवलं? नियमात बसत नाही." कितीही उत्तरं द्या, तो सोडतच नाही. व्यापारी म्हणा, खलाशी म्हणा, राजाचा माणूस म्हणा, तो वहीत लिहितो, 'हेतू: अस्पष्ट'. मेल्याने माझी वही केव्हा वाचली होती कोण जाणे! यादीत शेवटचं एक उत्तर होतं, 'पाणी बघायला आलो.' ते निवडलं तर चौकीदार उठतो, दार उघडतो आणि म्हणतो, "मग आधी सांगायचं की हो. या."

मी खूप हसलो. मग हसू थांबलं आणि डोळे पुसावे लागले. घरात बायको होती, तिला म्हटलं, रंगाच्या वासाने होतंय.

पाणी मात्र चुकलेलं होतं. कॅलेंडर बघून हिशेब केला, तर भरती तासाभराहून जास्त पुढेमागे येत होती. फाइल उघडली. तिच्यात वरच त्यांनी लिहून ठेवलं होतं, 'आषाढ अमावास्येची तारीख दर वर्षी इथे घालावी. नाहीतर पाणी चुकते. विसरू नये.' इतकी वर्षं ती तारीख कुणी घातलीच नव्हती. मी घातली. पण बरोबर झालं की नाही हे घरात बसून कसं कळणार? ते तपासायला समुद्र लागतो. तपासणं तर माझा धंदा. एवढंच कारण, असं स्वतःला बजावत मी करंज्याला गेलो.

दुकान होतं. पाटी तीच, आत आता जाळ्याचा दोरा आणि जाळ्याला लावायचे तरंगते बोयरे विकायला ठेवलेले. गल्ल्यावर एक बाई बसलेल्या. मी त्यांचं नाव घेऊन चौकशी केली.

"ते नायत आता," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. साखर होती, डोळे आधी गेले." मग मला वरखाली पाहून म्हणाल्या, "तुमी पनवेलचे काय? चौकीवाले?"

मी मान हलवली.

कोपऱ्यात त्यांचा कॉम्प्युटर होता, वर प्लास्टिकचं आवरण. मी विचारलं, लावू का? त्यांनी आवरण काढलं. जुनी सीडी घातली, फाइल्स चढवल्या. एक वाजायला आला होता. शंखबंदर समोर आलं, आणि दुकानाच्या दारातून खरी खाडी दिसत होती.

"आज तृतीया," त्या कॅलेंडर न बघता म्हणाल्या. "सव्वादोन."

आम्ही दोघं बसलो, एक डोळा दारात, एक पडद्यावर. धक्क्याच्या पायऱ्या एकेक बुडत होत्या, बाहेरही आणि आतही. पडद्यावरच्या बायकांनी बोंबील उचलले. चिखलातली पोरं काठाला पळाली. नव्या चंद्राचं उधाण होतं, बोटी चांगल्याच वर आल्या. घड्याळात सव्वादोन झाले आणि दोन्हीकडचं पाणी थांबलं.

"बरोबर हाय," बाई म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावला. "ह्ये परत करायला बसले होते. दोन पावसाळे. बंदर झालं, खडक झाले. पाणी नाय झालं. डोळ्यांना आकडे दिसत नव्हते."

मला तिथे बसवेना. मी सांगून टाकलं. म्हटलं, "वहिनी, त्यांनी ही मागितली होती माझ्याकडे. मी खोटं बोललो. पुसली म्हणून सांगितलं. माझ्या खणातच होती."

त्यांनी पेन ड्राइव्ह हातात घेतली आणि तिची लाल दोरी बोटाने सरळ केली.

"ठाऊक हाय. खणात ही दोरी बघितली होती त्यांनी. घरी आले तेच सांगत आले, पुसली नाय त्याने, जपून ठेवलीय. मी म्हटलं, मग जावा, मागून आणा. तर बोलले, नको. परत मागितली तर त्याला खोटं पडावं लागेल. आपणच आणून देईल एक दिवस."

मी पडद्याकडे बघत राहिलो. तोंड वळवायला दुसरी जागा नव्हती. पाणी चौकीच्या खाली आलं होतं, खांब अर्धे बुडालेले.

"ही एवढी उंच का बांधली?" मी विचारलं.

"मी पण विचारलेलं. बोलले, हा माणूस भरती आली तरी उठायचा नाय, वही तपासत बसेल. बुडेल बिचारा. म्हणून दोन हात वर घेतली."

आता मी दुसऱ्या एका कंपनीत आहे. तिथेही खेळ बनतात. कुणी कुलुपाची गोष्ट काढली, की मी म्हणतो, एक फोल्डर उघडं ठेवा, लोकांना आत येऊ द्या, ते तुमच्यापेक्षा जास्त दिवस राहतील तिथे. नवी मुलं एकमेकांकडे बघतात. यातून मला काय मिळतं, असा त्यांना संशय येतो. मी रागवत नाही.

आषाढ अमावास्या झाली की दर वर्षी करंज्याला जातो. वहिनी आवरण काढतात, मी तारीख घालतो. मग आम्ही चहा घेतो आणि भरती पुरी होईपर्यंत बसतो. पाणी खांबांवर चढतं, फळीच्या दोन हात खाली थांबतं आणि उतरू लागतं. वर तो चष्मेवाला वहीत डोकं घालून बसलेला असतो. त्याला त्यातलं काही माहीत नसतं.